तांदळातला फोन

(कोपर. संध्याकाळ. गोदाचं स्वयंपाकघर. तिची सून करिश्मा ठाण्याच्या ऑफिसातून नुकतीच घरी आलेली.)

करिश्मा : आई, तांदळाच्या डब्यात बाबांचा फोन कोणी ठेवला?

गोदा : मीच. ओल लागली त्याला. बघ कसा फुगलाय.

करिश्मा : ओल नाही ओ, बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावता का तुम्ही?

गोदा : रोज.

करिश्मा : अहो, घर पेट घेईल! द्या, उद्या ऑफिसला नेते.

गोदा : नको. भंगारवाल्याला पन नाय दिला मी.

करिश्मा : त्याला तर देऊच नका. खाडीवर नेऊन जाळतात, तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत. आमच्याकडे बॅटरी वेगळी, तांबं वेगळं, सगळं नीट सुटं होतं. अख्ख्या देशाच्या ई-कचऱ्याचा तसा आराखडा चाललाय, जिल्ह्याचं काम आमच्या ऑफिसला आहे. दारोदार सांगत फिरते मी, आणि माझ्याच घरात हे!

गोदा : देशाकडं लय फोन हायेत गो. माझा येकच हाय.

करिश्मा : बाबांना जाऊन वर्ष झालं, आई.

गोदा : मना ठावं नाय? कोर्टातली ड्युटी सुटली का मिसकॉल द्यायचे. मी उचलायची नाय, भात टाकायची. ते दारात नि भात तयार.

करिश्मा : आणि आता?

गोदा : आता मीच त्यांच्या फोनला देते. आतल्या खोलीत वाजतो. मंग भात टाकते. त्याबिगर हातच उचलत नाय.

करिश्मा : म्हणून मी येते तेव्हा भात गरम असतो...

गोदा : लय आठवन येते गो. ह्यो नेलास तर काय ऐकू मी?

करिश्मा : थांबा. फोन जाऊ दे, सिम काढून घेते. नंबर राहील.

गोदा : माझ्या फोनात घालतंस? मंग मीच मना मिसकॉल कसा देऊ?

करिश्मा : तुमच्या नाही, माझ्या. दोन सिम बसतात यात. ठाण्याहून निघाले की बाबांच्या नंबरवरून देत जाईन.

गोदा : त्यांचंच नाव येल?

करिश्मा : येईल ना. काय नावानं ठेवलंय?

गोदा : मी कुठं त्यांचं नाव घेते? माझ्या पोरानं, सुदेशनं घातलंय, 'भात टाक'.

करिश्मा : बरं. उचलू नका हां.

गोदा : इतकी वर्सं नाय उचलला, आता उचलीन? पन करिश्मा...

करिश्मा : काय, आई?

गोदा : चुकून उचललाच येखाद्या दिशी, तर लगेच बोलू नको. जरा थांब.