डोंगरापलीकडची बोली घे

—नाही गं, मी कोण सांगणारी? शिकायचं तुला, डोकं तुझं. तू विचारलंस म्हणून आपलं बोलते. जरा सरक, धूर सगळा तुझ्याच तोंडावर येतोय, आणि ते कोनफळ इकडे ढकल — ते नाही, मोठं — हां. संध्याकाळच्या पंगतीला एवढं सगळं किसायचंय, केळीच्या पानात बांधून तापवलेल्या दगडांखाली भाजायला घालायचंय, आणि बाकीच्या बाया गेल्यात पानं आणायला. म्हणजे येतील सावकाश गप्पा मारत. तर तू म्हणालीस, पुढच्या वर्षी सिडनीला मोठ्या शिक्षणाला जायचं, त्याआधी कुठली तरी एक भाषा ठरवायची, आणि मग चार-पाच वर्षं तिच्याशीच संसार. म्हणजे लग्नच झालं की! हसतेस काय? मी एकदाच डोंगर उतरून आले, अजून इथंच आहे.

आता ही इकडची भाषा — वाईट नाही हं. माझ्या सासरची आहे, नावं कशाला ठेवू? पण सेरा, तूच सांग, तुझे सर काय म्हणाले? जिचं कुणी काही लिहून ठेवलं नाही अशी बघ म्हणाले ना? मग हिचं सगळं लिहून झालंय. मिशनवाल्यांनी बायबल केलं, गाण्याचं पुस्तक केलं, शाळेत भिंतीवर चित्रं आहेत — खाली डुक्कर, मासा, होडी सगळं लिहिलेलं. तू आणखी काय लिहिणार? आणि आमची, डोंगरापलीकडची, तिचं कुणीसुद्धा काही लिहिलं नाही. कागदाचा एक कपटा नाही. आमच्याकडे तर मिशनवालाच आला नाही, चढ बघून परत गेला म्हणतात! किती माणसं बोलतात? आहेत की. पाच-सहा घरं आहेत. माझी आई, काका, ती काकूची माणसं. पूर्वी जास्त होती. म्हणून तर म्हणते, तुला सोपं पडेल, सगळ्यांशी ओळख होईल.

वाट? वाट काही अवघड नाही. म्हणजे पावसात अवघड, एरवी नाही. एकटीनं नाही जायचं मात्र, दोन ओढे आहेत, आणि तिकडचं कुत्रं अनोळखी माणसाला सोडत नाही. कुणीतरी बरोबर हवं, ज्याला दोन्हीकडचं बोलता येतं. — आता तूच बघ कोण आहे तसं. मी आपली सांगते, मी काही अडून बसले नाही. पण सासऱ्यांकडे तू शब्द टाकलास, की मला तुमच्या सुनेची भाषा शिकायचीय, ती आणि तिचं पोर माझ्याबरोबर द्या, तर ते नाही म्हणणार नाहीत. गावचे मुखिया आहेत, पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मी म्हटलं तर? मी म्हणूनच बघितलंय. डुकरं देऊन, चटया देऊन आणलेली सून आहे मी, नवरा ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेलेला, तो येईपर्यंत सुनेनं आपल्या पायांनी माहेरची वाट धरायची नाही. धरली तर म्हणतात, पळाली. मग तिकडच्यांनी डुकरं परत द्यायची. कुठून देतील? आई एक कोंबडी पाळते, तीही आंधळी.

तसं नाही गं, मारत-बिरत नाही कुणी. सासूबाई तर उठल्यासुटल्या विचारतात, एल्मा, खाल्लंस का? बोलणं मात्र — आता आपण दोघी बोलतोय ही बाजारची बिस्लामा, सगळ्या बेटांची. हिच्यात भाव करता येतो, पण मूल निजवता येत नाही. इकडची मला येते, पण मी तोंड उघडलं की जावा हसतात, म्हणतात, "बोल गं अजून, आमची करमणूक होते." आणि माझी बोलायला इथं कुणी नाही. पोराशीही नाही. सासूबाईंनी बंद केली. सिमो तीन वर्षांचा झाला, घरात हूं की चूं करत नाही, म्हणून. दवाखान्यातल्या बाईनं कान बघितले, घसा बघितला, म्हणाली ठीक आहे सगळं. तर सासूबाई म्हणाल्या, "दोन बोलींच्या ओढाताणीत पोराची जीभ अडकलीय, तू तुझी सोड." सोडली. चारचौघांत सोडली.

आता ठरलंय, कोनफळाचं पीक निघालं की सिमोला मोठ्या दिरांकडे न्यायचं, बंदरावर. त्यांची सहा पोरं, तिथं बोलायला लागेल म्हणतात. मी इथंच. पुढच्या पिकापर्यंत. तीन वर्षांचं पोर गं — अजून माझा कान धरून झोपतं. तिकडे कुणाचा कान धरेल?

आणि तो मुका नाही. नाहीच. तुला म्हणून सांगते, तू बाहेरची आहेस, तुला इथल्या कुणाचं काही देणंघेणं नाही. मळ्यात गेलो ना, की बोलतो. सगळं बोलतो! आई, हा किडा बघ, आई, ढग पडला, आई, मला तो खेकडा हवा — माझ्या भाषेत, अगदी माझ्या आईसारखा हेल काढून. घराचं कुंपण दिसलं की तोंड मिटतो. मी शिकवलं नाही, त्याचं त्यालाच कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, बघा, हिनंच पोर आमच्यापासून तोडलं, आणि उद्याच नेतील, पिकाची वाटही बघणार नाहीत. म्हणून म्हणते सेरा, डोंगरापलीकडची घे. तिकडे दोन-तीन महिने राहू, तो चारचौघांत बोलेल, सासऱ्यांनाच सांगता येईल — तुमचं पोर बोलायला लागलं. मग कोण नेईल त्याला बंदरावर?

फक्त आजच बोल. पंगतीच्या आधी. पहाटे डुक्कर कापलंय ना, ते तुझ्यासाठी आहे, माहीत आहे का? पाहुणी म्हणून नाही, लेक करून घेणार आहेत तुला. पहिली कलेजी घरच्या म्हातारीनं हातानं द्यायची, ती खाल्ली की तू या घरची. आणि घरच्या लेकीनं दुसऱ्यांच्या चुलीपाशी बसून त्यांची बोली शिकायची म्हणजे आपल्या घरात काय कमी होतं? तसं कुणी करत नाही. सासऱ्यांचं नाक कापल्यासारखं होईल. म्हणून, ती हातात यायच्या आधी —

काय?

कधी? सकाळी? चहाबरोबर? अगं पण पंगत तर संध्याकाळी — कलेजी भाजून दिली? कुणी, सासूबाईंनी? स्वतः? आणि तू खाल्लीस. सगळी खाल्लीस.

हो. चांगलीच लागते. ताजी होती.

नाही, रागावले नाही. तुला काय ठाऊक. म्हातारी हुशार आहे, एवढंच. दोन दिवस बघत होती, मी तुझ्याजवळ बसते ते.

म्हणजे तू — तुम्ही आता माझ्या नणंद झालात. उठा वन्सं, इथं धुरात बसू नका, नणंदेनं भावजयीच्या चुलीपाशी राबलेलं बरं दिसत नाही. द्या ते कोनफळ इकडे. तुमच्या आई बोलावतायत, ऐकू येतंय ना? तुम्हाला बोलावतायत. त्या विचारतील, काय बोलत होतात एवढं. घरच्या लेकीनं आईपासून लपवायचं नसतं, ते मला माहीत आहे. पण वन्सं, मळ्याचं तेवढं —

आले हो सासूबाई! आल्या, आल्या त्या. नाही, काही नाही, कोनफळ कसं किसतात ते बघत होत्या.