कुशीवर झोपणारे लोच

आमच्या बशीरचाचांचं तुम्हाला सांगितलंय का? मी लग्नाला केम गावी गेलो होतो आणि टाकीतले माझे तीन लोच मासे शेजारच्या या चाचांवर सोपवले होते. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज रडवेला.

"बेटा, तिघंबी गेले. तळाला आडवे पडलेत. गुलाबाच्या कुंडीत खड्डा करून ठेवलाय मी."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे मासे कुशीवर झोपतात, हे सांगायचंच राहिलं होतं.

"चाचा, आधी काचेवर हळू टिचकी मारा."

फोनमधून काचेवरची टकटक ऐकू आली.

"उठले की," चाचा म्हणाले. "आता तिघंबी काचेपाशी येऊन माझ्याकडंच बघायलेत. झोपमोड केली म्हणून माफी मागू, का दाणे टाकू?"