चैतातले नर

— नुसते नर पायजेत? घ्या की! निजाम सरकारच्या शेतकी फारमाला उंदरं कशाला लागत्यात द्येव जाणे, पर घ्या. ह्यो धरा, सायब. चावत न्हाई, उन्हानं गळालाय. बगा, खाली काईच न्हाई. गोळ्या पोटात चढून वाळल्या वटाण्यावानी झाल्यात. चैतात समद्या नरांचं आसंच. जवारी हुरड्यात आली की मग बगा त्यांचा तोरा — लाजू नका सायब! बिळं खांदून उंदरांनी नेल्याली कणसं काढणारी बाई मी, मला कशाची लाज? नर आटला की पिल्लं न्हाईत. मादीला कुणी नावं ठेवत न्हाई.

मान्सातच न्याय उलटा. माजी कूस उजवली न्हाई. पोखर्णीच्या नरशिंव्हाला फेऱ्या घातल्या, हकीमाचे कडूजहर काढे पिले. मग मालक म्हणले, दुसरी करतो. आमच्यात पयलीनं सोता जाऊन मागणी घालावी लागती, तवा पोर देत्यात. गेले की मी पिंगळीला, ह्या कासाला मागायला! कासाची वटी म्याच भरली, हाळद म्याच लावली. सवत म्हणून आणली आन् लेक होऊन बसली हो. मला ताप आला तर मांडीवर डोस्कं घेऊन दूध-भाकर चारती. आता तिचीबी कूस उजवंना, तर म्हणायलेत हीबी वांझ. तिला आज म्हायेरी धाडायची आन् तिसरी आणायची. म्हंजे चोर सोडून संन्याशाला फाशी! दोघीबी वांझ, आन् ह्ये तेवढे — न्हाई, न्हाई, तोंडातून गेलं. हकीमाकडं येकडाव तुमीबी चला, येवढंच म्हणले होते मी. ह्या दाताची जागा बगा. बायांना सांगते, वट्यावरून पडले.

उंदराला तरी हंगाम हाय. पाऊस पडला, दाणा भरला की नर पुन्यांदा भरतो. मान्साचा हंगाम कवा येतो, सायब? तुमी शिकल्याले, बाप्ये माणूस. मालक त्या लिंबाखाली बसल्यात. चिलीम वढता वढता ह्यो उंदीर दावा आन् सांगा त्यांला, गड्यातबी कमी आसतंय म्हणावं. माजं ऐकत न्हाईत, सरकारी मान्साचं ऐकतील. कासा घरी रडत गठुडं बांधायलीय. जीव तुटायलाय हो माजा. येवढं बोला, दुसरं काई मागत न्हाई.

खाली का बगायलाव?

काय? तुमीबी दुसरी केलीया?… आन् तिलाबी न्हाई?

… आगं बाई.

ऱ्हाऊ द्या. न्हाई, न्हाई, ऱ्हाऊच द्या, सायब. त्यो पिंजरा नीट बांधा, न्हाईतर पळत्याल. मालक उठले, गाडी जुपायलेत. जावा तुमी. मला कासाची येणी घालायची हाय.