कोरियातला मणी कोणी ओळखला?

मंडळी, आपण सगळे हातातली कामं टाकून अण्णांसाठी जमलात. जन्मभर वर्गात बोलले मी, पण आजचं बोलणं वेगळं आहे. कारण मला नुसती आठवण सांगायची नाही, एक चूक कबूल करायची आहे.

अण्णा कसबा पेठेतले पटवेकरी. इथल्या निम्म्या बायकांची मंगळसूत्रं त्यांनी ओवलेली. माझंही. मी पुरातत्त्व शिकवायचे. एकदा पोत ओवून घ्यायला गेले, तेव्हा पिशवीत माझ्या लेखासाठीचे फोटो होते. कोरियातल्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात सापडलेले नारिंगी काचमणी, मोठे करून काढलेले. मी ऐटीत सांगितलं, "अण्णा, तिथल्या कारागिरांनी एकेक मणी तारेवर काच गुंडाळून केलाय."

अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "बाई, गुंडाळलेल्या मण्यात रेघा भोकाभोवती फिरतात. ह्या भोकाच्या बाजूनं सरळ चालल्यात. काचेची नळी ओढून तुकडे केलेत, आमच्या काळ्या मण्यांसारखे. तिकडचे कशावरून? इकडून गेले असतील."

मी हसले. घरी येऊन पुस्तकं काढली. काच तपासणारे जाणकार तेच म्हणत होते. असे बरेच मणी दक्षिण भारतातून, आग्नेय आशियातून समुद्रमार्गे तिकडे गेले. मी माझा लेख दुरुस्त केला. काय लिहिलं? "रेघा पाहता हे मणी ओढीव असल्याचे लक्षात आले."

अण्णांच्या लेकीनं, सुनंदाताईंनी, तो त्यांना वाचून दाखवला. पुढच्या खेपेला पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा न सोडता अण्णांनी विचारलं, "काय हो बाई, कोणाच्या लक्षात आलं?"

मी म्हटलं, "पुढच्या लेखात नाव घालते." पुढचा लेख आला. त्याच्या पुढचाही आला. नाव राहिलं. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. पोत मात्र तितक्याच निगुतीनं ओवून दिली. विसरले होते का मी? नाही. पटवेकऱ्याचं नाव विद्वानांच्या लेखात शोभेल का, असं वाटायचं मला. सांगताना लाज वाटते, सुनंदाताई.

गेल्या मंगळवारी अण्णा गेले. आता दुरुस्ती कोणाला दाखवू?

आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. त्याआधी ते वाक्य त्यांच्या माणसांसमोर नीट करते.

रेघा पाहता हे मणी ओढीव असल्याचे अण्णा पटवेकऱ्यांच्या लक्षात आले.