फ्रिजचा आवाज

नाही हो ताई, फ्रिजच तो. जुना झालाय ना, मधूनच कुरकुरतो — तुम्ही चहा घ्या. विहीणबाई म्हणणार होते, पण जीभ आवरली. पलीकडे पुरुषमंडळींनी अजून नान मोडलेला नाही, आणि तो मोडेपर्यंत तुम्ही आपल्या पाहुण्या. मोडला की सोयरीक झालीच — मोडलेला नान कधी जोडता आलाय कुणाला?

ओयजमाल? येईल ना पोरगी, कपडे बदलतेय. शिकवते ती. नाच — आपलाच, खिव्याकडचा, लाझगी. कुणाला म्हणजे... मुलींना. मुलींनाच हो! — बरं, मुलींना नाही. यंत्राला. हसू नका. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकली, नाच तर रांगायची तेव्हापासून अंगात, आणि दोन्हींपैकी एक सोड म्हटलं तर हिने तिसरंच धरलं — यंत्राचे हात. हात गेलेल्या माणसांना बसवतात ना, तसले. ती म्हणते, त्या हाताला चमचा धरता येतो, पण दारातून निरोप द्यायला उचलला की नुसतं लाकूड. म्हणून आधी त्याला लाझगी! बोटं थरथरली पाहिजेत, मग मनगट, मग खांदा... तिचे साहेब म्हणे, थरथर म्हणजे बिघाड, काढून टाक. ही म्हणाली, बिघाड नाही साहेब, जीव आहे तो. — तोंडाळ? छे छे, गरीब आहे हो, दार आपटलं तरी दचकते!

फ्रिज नाहीये तो. तुम्हाला कळलंच आहे, उगाच कशाला. आतल्या खोलीत, टेबलावर आहे तो हात. नाचतोय. बंद कर म्हटलं होतं मी, पाहुणे येणारेत, आजच्या दिवस तरी बंद कर —

लग्नानंतर? हो, हो, सोडेल की. मीही सोडलंच ना. म्हणजे — लग्नाकार्यांत नाचायचे मी, खिव्यापर्यंत बोलावणी यायची. ह्यांच्या आई रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, तुमच्यासारखंच गोड हसून विचारलं, आणि मी मान हलवली. वाईट काय झालं? काहीच नाही. कणीक मळत आले हे हात. मग गेल्या हिवाळ्यात पोरीने माझ्याच मनगटाला तारा बांधल्या, म्हणाली, आई, नाच. म्हटलं, विसरले गं. तर म्हणते, तू विसरलीस, हाताला विचार. आणि ताई, मी रडत होते नि हात नाचत होता. तारांतून तोच नाच तिने यंत्रात उतरवला. तो टेबलावरचा — माझा आहे हो तो. माझा, लग्नाआधीचा.

तुमचा मुलगा गुणी आहे, दातांचा डॉक्टर, शांत. माझी ना नाही. फक्त तो हात अडगळीत टाक असं तिला — काय? पोरंबाळं होतील, भितील? हो... भितील खरी. मग विद्यापीठातच ठेवेल की, जाऊन येऊन — तेही नको? नाही, तुमचंही बरोबर आहे, सुनेने रोज उठून कुठे... ताई, एक मिनिट हं. मी ह्यांना हाक मारते. म्हणते, आधी पोरीला विचारू, मग नान —

ऐकलंत? पलीकडे दुआ संपली, 'ओमीन' म्हणाले सगळे.

मोडला.

आणि — तो आवाज थांबला का हो? तिने... नाही, काही नाही. फ्रिज हो. जुना झालाय. चहा घ्या, विहीणबाई, निवतोय.