हक्काच्या पेन्शनमध्ये वाटा कशाचा?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती सुभेदार लटारूभाऊ रामटेके, आणि समोर बसलेले माजी सैनिक व माझ्या भगिनींनो, सर्वांना सप्रेम जय भीम.

मी मनकर्णा खोब्रागडे, ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यातली. भाषणाची सवय नाही. पण लटारूभाऊ सैनिक कल्याणाच्या कामातून निवृत्त होताना मी गप्प बसले, तर मलाच चैन पडणार नाही.

माझे यजमान फौजेत हवालदार होते. ते वारले आणि माझी पेन्शन सुरू होईना. तेव्हा एक एजंट घरी आला. "काकू, तुमाले हे जमणार नाई. मी करून देतो. अर्धी थकबाकी मले." त्या दिवसांत मला त्याचाच आधार वाटला. यजमानांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे पेन्शनला लागणारं फौजेतल्या नोकरीचं पुस्तक, मी त्याला दिलं. पुढे कळलं, हे काम सरकारी कार्यालयात फुकट होतं. बुक परत मागितलं, तर म्हणे, "आधी वाटा लिहून द्या." सांगायचं कोणाला? फसलेल्या बाईलाच लोक हसतात ना?

मग लटारूभाऊ गावात मेळाव्याला आले. "कोणी पैसे मागून राह्यलं काय?" त्यांनी विचारलं. लोक पांगले, मी मात्र तिथेच बसून रडत राहिले. भाऊ शेजारी बसले. सगळं ऐकून म्हणाले, "उद्या पोलीस ठाण्यात जाऊ. मी संगं येतो, पण बोलाचं तुमीच."

"मले भेव लागते, भाऊ."

"लागू द्या. तरी बोला."

ठाण्यात मी स्वतःचं नाव सांगतानाच अडखळले. साहेब भाऊंकडे पाहायचे, भाऊ माझ्याकडे. शेवटी मी सगळं बोलले. साहेबांनी एजंटाला बोलावून दम दिला. संध्याकाळी बुक हातात आलं, पुढे पेन्शनही लागली. माझी मुलगी रश्मी आज नर्सिंग शिकते आहे. मागे बसली आहे ती. लाजू नको गं.

त्याच एजंटाने सुगंधाबाईंनाही गाठलं होतं, त्यांचेही यजमान फौजेत होते. त्यांच्यासोबत ठाण्यात मी गेले. आता अशी सोबत करणाऱ्या आम्ही चौघी आहोत. तो सध्या आलापल्लीकडे फिरतो, असं ऐकलं. तिथल्या सैनिकांच्या घरी सावध करायला उद्या आम्ही जाणार आहोत.

भाऊ, तुमचे आभार मानायला माझे शब्द अपुरे आहेत. संयोजकांनी मला माईक दिला, त्यांचीही मी ऋणी आहे. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल, तर घरची समजून सांभाळून घ्या. आलापल्लीची बस पहाटेची आहे, म्हणून इथेच थांबते.