चौथ्या कपावरचं नाव

—नाही नाही, ओव्हनचा काही संबंधच नाही, भाजायचं नाही, उकडायचं नाही, म्हणून तर आम्ही हे करतोय. बसा ना पर्सेलबाई, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, ह्या इकडे बसा. आणि फाईल मांडीवरच ठेवा, टेबल सगळं चिकट झालंय. हे बघा, गार दुधात पुडिंगची पावडर घोटली, हा झाला चिखल. चॉकलेटची बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने ठेचायची, ती झाली माती. मातीत जेलीची गांडुळं सोडायची आणि वर एक लांबट बिस्किट उभं खोचायचं, ते थडगं. झालं स्मशान तयार! उद्या हॅलोविन, भुताखेतांचा सण, पोरांना असलंच काहीतरी लागतं. थडग्यावर साखरेच्या लेपाच्या नळीने नाव लिहायचं— ज्याचं नाव त्याचा कप, माझी आई असंच करायची, म्हणजे मग तू माझं गांडूळ खाल्लंस अन् मी तुझं, असल्या मारामाऱ्या नकोत. टोबी, ठेच रे, पण टेबल फोडू नकोस. पाच वर्षांचा आहे, पण हाताला जोर बघा. नावं लिहायचं काम डिलेनीचं. नऊ पूर्ण झाली तिला, अक्षर मोत्यासारखं. माझ्या घराण्यात कोणाचंच नव्हतं, कुठून आलं देव जाणे. डिलेनी, बाईंना हॅलो म्हण. — नाही म्हणणार. तुम्ही आलात की ती गप्पच होते, मनावर घेऊ नका.

काय बघताय, शेगडीकडे? बटणं नाहीयेत, हो. लिहा, लिहून घ्या, त्यात लपवण्यासारखं काय आहे. मीच काढली, जानेवारीत, आणि कॉफीच्या डब्यात टाकून डबा वर त्या कपाटावर ठेवलाय. तुमच्या बालकल्याण खात्याच्या फायलीत असेलच की सगळं. पण फायलीत काय लिहितात— आई बेशुद्ध, मुलाच्या हाताला भाजलं, आजी कामावर. असं तीन ओळीत होत नाही ते. घरातला हीटर बंद पडलेला, बाहेर बर्फ गुडघाभर, मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात रात्रपाळीला, आणि माझी लेक, रेने, तिने काय केलं, तर ओव्हन पेटवला आणि दार उघडं टाकलं, पोरांना ऊब मिळावी म्हणून— म्हणजे बघा, पोरांचा विचार तेव्हाही होता तिच्या डोक्यात— आणि मग ते तिचं सुईतून घेतलं काय ते, आणि तिथेच फरशीवर आडवी झाली. टोबी तिला उठवायला गेला आणि ओव्हनच्या दारावर हात टेकला. डिलेनीने फोन केला. आठ वर्षांची होती तेव्हा. घराचा पत्ता सांगितला, आजीच्या कामाचा नंबर सांगितला, आणि आई श्वास घेतेय का म्हणून विचारलं तर म्हणाली, थांबा, बघून सांगते. टोबी, दाखव बाईंना तळवा. — नको, राहू दे, तुमचा बघून झालाय तो.

तेव्हापासून आमच्याकडे भाजणं बंद. वाढदिवसाचा केकसुद्धा नाही. रेने म्हणाली पण, आई, लाव ना गं आता ती बटणं, किती दिवस पोरांना पुडिंगच खायला घालणार, मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर— कधी? कधी म्हणजे... म्हणाली असेल ऑगस्टमध्ये. तुमच्याच ऑफिसात, त्या काचेच्या खोलीत भेट झाली तेव्हा. तुम्हीच तर होता समोर! — नव्हतात? मग त्या जाड्या बाई असतील, माझ्या लक्षात राहत नाहीत आता माणसं. तेवढी एकच भेट, मग पुढच्या दोन्ही वेळा ती आलीच नाही आणि जज्जसाहेबांनी भेटी बंद केल्या. मला माहितीय हो. सही केलीय मी त्या कागदावर. रेनेला घरी येऊ द्यायचं नाही, पोरांना दाखवायचं नाही, दिसली तर तुम्हाला कळवायचं. आणि तसं झालं नाही तर पोरं दुसरीकडे, आणि दोघं एकाच घरात जातील याची खात्री नाही— हे तुमच्याच तोंडचे शब्द आहेत बाई, मी रोज झोपताना आठवते ते. परवा, गुरुवारी, कोर्ट आहे. गुरुवारी त्यांनी शिक्का मारला की पोरं माझी, मी मरेपर्यंत. एकाहत्तर चालू आहे मला, म्हणजे फार मोठं काम नाही देताहेत.

चार? कुठे चार? — हां, कप. एक टोबीचा, एक डिलेनीचा, एक माझा, मला काही परवानगी नाही गोडाची, पण उद्याच्या दिवशी कोण ऐकतंय, आणि चौथा... चौथा तो शेजारच्या हॉबर्टचा. म्हातारा एकटाच असतो, कुत्रा पण गेला त्याचा गेल्या महिन्यात— अहो, फिरवू नका तो कप, मऊ आहे अजून, थडगं पडेल—

डिलेनी. हे कोणी सांगितलं तुला लिहायला?

बघा बाई, सांगते. ‘आई’ लिहिलंय, हो, मला वाचता येतं. पण थडगं आहे ना ते? थडग्यावर कोणाचं नाव लिहितात? गेलेल्या माणसाचं. पोरगी लहान आहे, तिने ऑगस्टपासून आईचं तोंड बघितलेलं नाही, तिच्या लेखी आई गेली, मेली, संपली. म्हणून लिहिलं तिने. तुमच्याकडे ती डॉक्टरीणबाई आहे ना पोरांशी बोलणारी, तीच म्हणाली होती, मुलांना त्यांचं दुःख बाहेर काढू द्या म्हणून. मग? हे निघालं बाहेर. — मघाशी? मघाशी मी काय म्हणाले? ज्याचं नाव त्याचा कप, हो, म्हणाले, पण ते सगळ्या कपांना थोडंच लागू... तुम्ही शब्द धरून बसू नका हो, मी म्हातारी बाई, बोलता बोलता काहीही बोलते. रेने या घरात मेल्यातच जमा आहे. झालं समाधान? लिहा तसं. आजी म्हणाली, आई मेली.

टोबी? ए टोबी, काय झालं? लाटणं का टाकलंस? अरे रडतोस काय, ये इकडे. नाही रे— नाही, मी बाईंशी बोलत होते, मोठ्यांचं बोलणं होतं ते, तसं काही नाही. काय? नीट बोल, रडू आवर, मला कळत नाहीये. — म्हणून काय?

म्हणून उद्या ती भूत होऊन येणारेय?

नाही. नाही रे सोन्या. हात बघू, इकडे बघ, माझ्याकडे बघ. असलं भूत नाही ते. मेल्यावर होतं तसलं नाही. चादर आहे ती. आपलीच चादर, निळ्या फुलांची, तुझ्या पलंगावरची जुनी— तिला भोकं कोणी पाडली? मीच ना? तू कात्री आणून दिलीस ना मला? आई चादर पांघरून येणार, उद्या सगळेच येतात ना तोंडं झाकून, दारोदार फिरतात, कोण कोणाला विचारतं, म्हणून तीही येणार, सहा वाजता, तू तिच्या पिशवीत चॉकलेट टाकणार आणि हा कप देणार. मेली नाही ती. रविवारी नाही का आली होती? मागच्या पायरीवर बसली होती, तुझ्या तळव्याचा मुका घेतला होता तिने, आठवतं? मेलेली माणसं असं करतात का? नाही ना? मग. पूस डोळे. माझ्या ॲप्रनला पूस, चालतं.

...

झालं. ऐकलंत सगळं. पेन का थांबलंय, बाई?

घरात नाही घेतलं मी तिला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, पोरं जाळीच्या दारातून बोलली, मग टोबीने दार उघडलं आणि... चार रविवार झाले. पाच. म्हणाली, आई, मी सोडलंय सगळं. उकडत होतं त्या पहिल्या रविवारी, मी बिनबाह्यांची बसले होते, आणि तिच्या बाह्या इथपर्यंत ओढलेल्या, पार बोटांपर्यंत. मी विचारलं नाही. आई आहे मी तिची, मला विचारायची गरज नव्हती. तरी मी म्हटलं, ये हॅलोविनला, चादर पांघरून ये, तासभर ये. का म्हटलं? टोबी झोपेत तिचं नाव घेतो म्हणून म्हटलं. आणि दुसरं असं, की पुढच्या हॅलोविनपर्यंत ती टिकेल असं मला वाटत नाही. बास. हे मी कोणाला बोलले नव्हते, तिलाही नाही, आणि बोलले कोणाजवळ, तर तुमच्याजवळ. वा गं वर्ना, म्हातारे! काय डोकं आहे तुझं!

डिलेनी, ते नाव खरवडू नकोस. नाही, तू काही चुकली नाहीस. अगं, तू काहीच चुकली नाहीस. मीच सांगितलं होतं ना, ज्याचं नाव त्याचा कप. राहू दे ते. सुरी खाली ठेव.

एकच सांगा मला. गुरुवारी म्हणा, आज म्हणा, कधी न्यायचं ते न्या, पण गाडीत दोघांना एकत्र बसवाल? पुढे काय ते तुमचे साहेब ठरवतील, मी निदान गाडीचं विचारतेय. टोबी डिलेनीचा हात धरून बसतो. भाजलेला हात देत नाही कोणाला, फक्त तिलाच देतो. — उठलात?

साहेबांना फोन करायचाय? बाहेर जाऊन करा, पर्सेलबाई. पुढच्या दाराने जा आणि दार ओढून घ्या. पोरांच्या मातीत अजून गांडुळं घालायची राहिलीत.